बिनखिडकीची कोठी

आदल्या साली चैत्रात गारा पडल्या, तेव्हा आप्पारावांच्या घरावरचे पत्रे दोन शेतं ओलांडून हणमंतप्पाच्या उसात जाऊन पडले. हणमंतप्पानं ते परत केले नाहीत. आभाळातून आलेली वस्तू परत करायची त्या भागात रीत नव्हती. पेवात पाणी शिरून जोंधळा नासला. मधली मातीची भिंत बसली ती गीताबाईच्या पाठीवर. गीताबाई म्हणजे आप्पारावांची सून. तिला पाचवा महिना चालू होता. चौथ्या दिवशी पोटातलं गेलं. तिचा नवरा, नाव श्रीमंत, गुलबर्ग्याला गिरणीत होता. त्याला कार्ड पोचेपर्यंत ती उठून भाकऱ्या थापायला लागली होती.

नवं घर बांधायचं ठरलं. आप्पारावांना घर म्हणजे दर्शनी दार दिसत होतं: सागवानी चौकट, दोन्ही अंगाला कमळं, वर मोर. आत काय असावं याचा विचार त्यांनी केला नव्हता. आत त्यांना राहायचं नव्हतं. ते चावडीवर राहत. कलाबाईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, मोराचं काही नव्हतं. तिला एक कोठी पाहिजे होती, जिच्यात दाणा नासणार नाही आणि आभाळ फाटलं तर माणूस मरणार नाही.

पुढच्याच महिन्यात, वैशाखात, गवंडी मडिवाळप्पा आला. त्यानं खांद्यावरची दोरी सोडली.

"बोल अक्का. किती हात लांब, किती हात रुंद?"

"हातानं न्हाई मोजायचं, अण्णा. मानसानं मोज."

तिनं सुपात राख घेऊन जमिनीवर चौकोन टाकला आणि आळीतल्या बायकांना हाका मारल्या. बायका पोरं घेऊन आल्या. कलाबाईनं त्यांना राखेच्या रेघेच्या आत बसवायला सुरुवात केली.

"रुद्रम्मा, तू हितं. नातवंडं मांडीवर घे, शेजारी न्हाई. लक्ष्मम्मा, तुमी?"

लक्ष्मम्मा कुंभाराघरची, ऐंशीच्या पुढं गेलेली, कमरेत दुमडलेली. ती म्हणाली, "मला कोपरा दे बाई. पाठ टेकायला लागती."

"कोपऱ्यात बळद येनार हाय. दाणा भरायचाय त्यात."

"मग बळदाला टेकते. जोंधळा काय मला ढकलून देतोय?"

बायका हसल्या. मग कलाबाईनं बाज आणून मधोमध ठेवली आणि सुनेला म्हणाली, "नीज."

गीताबाई लाजली. पोटात अजून पुन्हा काही नव्हतं. तरी ती निजली. मडिवाळप्पा वळून निंबाकडं बघत राहिला. निंबाला त्या दिवशी बघण्यासारखं काही नव्हतं. मडिवाळप्पाची बायको सिद्धव्वा गावाची सुईण. ती बाजेच्या पायथ्याशी बसली, दोन्ही कोपरं बाहेर काढून बघितली आणि म्हणाली, "हात फिरत न्हाई. वीतभर वाढव."

मडिवाळप्पानं निंबाकडं बघतच खुंटी वीतभर सरकवली.

एवढ्यात आप्पाराव चावडीवरून चारपाच जणांना घेऊन मोराची जागा दाखवायला आले.

"हे काय? हळदीकुंकू मांडलंय का काय?"

"माप चाललंय," कलाबाई म्हणाली.

"बायका बसवून? गवंड्याकडं दोरी न्हाई?"

"वारं सुटल्यावर दोरी बसनार हाय का आत?"

बरोबरची माणसं हसली. कुणाला हसली ते कळलं नाही, म्हणून आप्पारावांनी ते स्वतःवर घेतलं आणि लाल झाले. "गावात तोंड दाखवायला जागा ठेवायची न्हाईस तू," असं म्हणून ते तोंड दाखवायला पुन्हा चावडीवर गेले.

कोठी तांबड्या दगडाची झाली. भिंत दोन हात रुंद. दार पूर्वेला, कारण वादळ नेहमी पश्चिमेकडून यायचं. खिडकी नाही. वर सागाचे सर, त्यावर फळ्या, त्यावर निंबाचा पाला आणि हातभर जाड पांढरी माती. ती माती कलाबाईनं सुनेला बरोबर घेऊन पायानं तुडवली. पोटऱ्या भेगाळल्या. उजेडाला छतात एक भोक, त्यावर दगडाचं झाकण. दाराला आतून बाभळीचा अडणा, माणसांसाठी. बाहेरून लोखंडी कोयंडा, दाण्यासाठी. तो दगडात शिसं ओतून बसवायचा होता. शिसं तिनं हुलसूरच्या बाजारातून स्वतः आणलं आणि मडिवाळप्पाच्या ओंजळीत ठेवताना दोनदा बजावलं, "समदं वत."

माती वाळेपर्यंत पाऊस आला. पावसात कोठीच्या आत एक थेंब पडला नाही. बाकीचं घर मात्र जोत्यावरच राहिलं. सुतार मोर कोरायला बसला होता आणि मोराला पिसं फार असतात. माणसं कोठीला लागून कडब्याची पडवी उभारून तिच्यात राहिली. कोठीत जोंधळा, तूर आणि हरभरा राहिला.

दिवाळीनंतर श्रीपतराव पटवारी आले. कोठीला बाहेरून एक फेरा घातला, काठीनं भिंत ठोकली.

"खिडकी?"

"न्हाई ठिवली," आप्पाराव म्हणाले.

"खिडकी नसलेली खोली म्हणजे लेव्हीचा दाणा दडवायची जागा. मी म्हणत नाही हो. कागद म्हणतो."

श्रीपतराव स्वतः कधीच काही म्हणत नसत. लढाई सुरू होती, सरकार घरटी जोंधळा मोजून नेत होतं, आणि जे काय व्हायचं ते कागद म्हणायचा. आप्पाराव घाबरले. श्रीपतरावांनी आत डोकावून वास घेतला. कोरड्या मातीचा वास होता. ते समाधानानं निघून गेले. त्या समाधानाचं आप्पारावांना बरं वाटलं आणि कलाबाईला ते खटकलं.

माघात श्रीपतराव कागद घेऊन परत आले. कागद उर्दूत होता. गावची लेव्ही साठवायला चावडी नालायक ठरली होती, कारण ती गळत होती. गावात पक्की जागा एकच.

"यात तुमचं नाव आहे," श्रीपतराव म्हणाले. "मोअज्जिज रयत आप्पाराव. मोअज्जिज म्हणजे इज्जतदार."

"परत वाचा की," आप्पाराव म्हणाले.

श्रीपतरावांनी परत वाचलं. आप्पारावांनी सही केली.

पोती आली तेव्हा कलाबाई कोठी सारवत होती. कोपरापर्यंत शेण. तिनं दारातून अंगणभर गाड्या बघितल्या.

"हे कुनाचं?"

"सरकारचं," श्रीपतराव म्हणाले.

"सरकारला घर न्हाई?"

"चावडी गळते, बाई."

"मग चावडीवर माती टाका. मी दाखवते कशी तुडवायची. मी कोठी दिली न्हाई."

"तुम्हाला कुणी विचारलंच नाही," श्रीपतराव शांतपणे म्हणाले. "तेव्हा दिली का नाही दिली, हा प्रश्नच येत नाही."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. आप्पाराव मोराकडं बघत होते. तिच्या ओल्या सारवणावरून हमाल पाय देत गेले. घरचा दाणा बाहेर पडवीत आला, सरकारचा आत गेला. छपन्न पोती. कोयंड्यात कुलूप पडलं, कुलपावर लाख, लाखेवर शिक्का. किल्ली श्रीपतरावांच्या करगोट्याला.

त्या दिवसापासून कलाबाई नवऱ्याशी बोलली ती कोठीच्या भिंतीकडं तोंड करून. "पानी ठिवलंय," ती भिंतीला सांगायची. आप्पाराव पाणी प्यायचे.

श्रीमंत पेरणीला घरी आला तेव्हा, आषाढात, गीताबाईला दिवस गेले होते. चैत्र लागला आणि ती कडब्याच्या पडवीत बाळंत झाली. सिद्धव्वानं मुलीची नाळ कापली, कडब्याच्या भिंतीतून येणाऱ्या वाऱ्याला पाठ देऊन. मुलगी लहान होती पण आवाज मोठा होता.

पाचवी झाली आणि ऊन बदललं. दुपारी अंगाला चिकटायला लागलं. पश्चिमेकडं रोज तिसऱ्या प्रहरी ढग उभे राहायचे आणि विरायचे. कलाबाई भिंतीला म्हणाली, "पटवाऱ्याला सांगा. म्हैनाभर कोठी उघडून द्या म्हनावं. पोती राहू देत. बाळंतीण पोत्यावर निजंल."

आप्पाराव गेले. दोन तासांनी परत आले.

"काय म्हनले?"

"च्या पाजला."

"कोठीचं काय म्हनले?"

"कागद न्हाई म्हनतो म्हनले."

कलाबाईनं हातातलं मुसळ उखळात इतक्या जोरानं घातलं की उखळातली मिरची आप्पारावांच्या डोळ्यात गेली. ते डोळे चोळत चावडीवर गेले.

बाळंतपणाच्या आठव्या दिवशी ढग विरले नाहीत. आधी काळे होते, मग आजारी माणसाच्या डोळ्यांसारखे पिवळसर झाले. वारा पडला. शेळ्या चरायच्या थांबून एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालायला लागल्या. आळीतल्या बायका कुणी न बोलावता कलाबाईच्या अंगणात जमल्या. वर्षापूर्वी राखेच्या रेघेत बसल्या होत्या. प्रत्येकीला आपली जागा ठाऊक होती. सगळ्यांच्या आधी लक्ष्मम्मा आली होती. तिनं कुलूप बघितलं, हातानं चाचपलं.

"हे कामून लावलंय गं?"

"सरकारचा दाणा हाय आत."

"अस्सं," म्हातारी म्हणाली. "मग मी जाते घराकडं. माजी गाडगी बाहेर हायेत." आणि काठी टेकत गेली.

मडिवाळप्पा कामावरून धावत आला होता, खांद्यावर घण. कलाबाईनं हात पुढं केला. "दे."

मडिवाळप्पानं कुलपाकडं बघितलं, शिक्क्याकडं बघितलं. "अक्का, मी मारनार न्हाई. मी दिला बी न्हाई. हा हितं खाली पडलाय."

त्यानं घण खाली टाकला आणि दोन पावलं मागं सरला. कलाबाईनं लुगड्याचा काचा मारला, घण उचलला आणि कुलपावर घातला. शिक्का फुटून उडाला. कुलूप नुसतं हललं. तिनं परत मारला. हातात झिणझिण्या आल्या. तिनंच सांगितली होती ती दाराची बाभळीची फळी, तिनंच निवडलं होतं ते लोखंड. ते तिला दाद देईना. पहिली गार अंगणात पडली आणि कवठासारखी उसळली.

"कुलपावर नगं मारू," मडिवाळप्पा ओरडला. "कोयंड्याच्या मुळाशी मार. डाव्या अंगाला. तिथं शिसं कमी हाय."

कलाबाईचा घण हवेतच थांबला.

"कमी? मी दीड शेर आणून दिलं हुतं!"

"अक्का, ते भांडण मागनं..."

"समदं वत म्हनलं हुतं तुला! दोनदा म्हनलं हुतं!"

"अय्यो, मार की!"

घण मडिवाळप्पावर पडतो का कोयंड्यावर, हे क्षणभर कुणालाच सांगता आलं नसतं. तो कोयंड्यावर पडला. डावं अंग दगडातून निखळलं. दार उघडलं. गीताबाईला चौघींनी घोंगडीत घालून उचललं. बाजेला जागा नव्हती. जिथं सिद्धव्वाचं कोपर फिरायला वीतभर वाढवली होती, तिथं छतापर्यंत पोती होती. बाळंतिणीला पोत्यांच्या उतरंडीवर निजवलं, मुलीला तिच्या पोटाशी, बायका आणि पोरं फटींमध्ये. मडिवाळप्पा आत आला नाही. तो अंगणात सोडलेल्या बैलगाडीखाली शिरला. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाही, हे त्याला गारांच्या माऱ्यातही आठवलं.

"लक्ष्मम्मा?" कलाबाईनं विचारलं.

म्हातारी आत नव्हती. कलाबाई दाराशी गेली, बाहेर बघितलं. अंगण दिसत नव्हतं. तिनं अडणा घातला.

वर माती धडधडत होती. कुणाच्या तरी अंगावर बैलांचा कळप चालून जावा तसा आवाज. छतातून एक कण पडला नाही. तेवढ्यात दारावर थापा पडल्या.

"उघड! मी हाय!"

आप्पाराव होते. आयुष्यात पहिल्यांदा ते चावडीवरून घराकडं पळत आले होते.

कलाबाई अडण्याशी उभी होती. तिनं हात अडण्यावर ठेवला. मग काढला.

"बाळंतीण हाय आत," ती म्हणाली.

"अगं मरतो की मी!"

"सव्वा म्हैना व्हायचाय अजून."

नवरा आणखी एकदा थाप मारील म्हणून ती वाट बघत होती. मारली असती तर तिनं उघडलं असतं. आप्पारावांनी मारली नाही. भिंत दोन हात रुंद असल्यामुळे दाराच्या खाचेत एक माणूस मावत होता. बांधताना ही सोय कुणी धरली नव्हती. तिथं ते दाराला चिकटून उभे राहिले. गारांनी त्यांच्या पायाची बोटं फुटली. बाकीचे आप्पाराव वाचले. बायकोनं कुलूप तोडलं ते तोडलं, पण तिनं सांगितलेला सव्वा महिना मात्र त्यांना मोडता येईना, हे कलाबाईनं आतून नीट ऐकून घेतलं.

वादळ अर्धा तास होतं. कडब्याची पडवी गेली, तिच्यातला घरचा दाणा अंगणभर भिजून पडला. मोराची मान मोडली. बावीस शेळ्या मेल्या. लक्ष्मम्मा कुंभारवाड्याच्या वळणावर सापडली, काठी हातात तशीच. घरापासून वीस पावलं राहिली होती. कलाबाईनं तिचं तोंड पुसलं. ती रडली नाही. तिचे दात एकमेकांवर घासत होते ते शेजारच्या बाईला ऐकू गेलं.

तिसऱ्या दिवशी पटवाऱ्यांच्या वरचे अंमलदार, गिरदावर, घोड्यावरून आले. मधल्या वयाचे, थकलेले, शेरवानीला चिखल. बरोबर श्रीपतराव आणि दोन पंच.

"मोहोर किसने तोडी?" गिरदावरांनी विचारलं.

आप्पारावांनी दोन्ही हात जोडले आणि बायकोकडं बोट दाखवलं. एकाच वेळी दोन्ही करताना त्यांची धांदल झाली.

"मी," कलाबाई दारातून म्हणाली.

"पोती मोजायची आहेत," श्रीपतराव म्हणाले. "बाजूला व्हा."

ती बाजूला झाली. "जावा की. बाळंतीण निजलीय पोत्यांवर. अकरावा दिवस हाय. जावा आत."

श्रीपतरावांनी उंबऱ्यापर्यंत नेलेला पाय मागं घेतला. "सरकारी धान्यावर बाळंतीण! विटाळ!" त्यांनी पंचांकडं बघितलं. "तुम्ही जा."

पंच एकमेकांकडं बघू लागले. एकजण म्हणाला, "सायब, मानूस जात न्हाई तितं."

आतून मुलगी ओरडली. गिरदावरांनी टोपी मागं सारली. "चिल्ला है क्या, चालीस दिन का?" ते हळूच म्हणाले. "हमारे घर में भी चल रहा है. मेरेकू मेरी अम्मा अंदर नै छोडती." मग सरकारी आवाजात: "कितने दिन?"

"सव्वा म्हैना."

"उसके बाद कोठी खाली?"

"त्याच्या मागनं रुद्रम्माची सून," कलाबाई म्हणाली. "आठवा लागलाय. तिला घर ऱ्हायलं न्हाई, तुमी येताना बघितलं असंल. मग सिद्धव्वाची लेक येती म्हायेराला, जेष्ठात. मग तेल्याघरची. मग बसवंतप्पाच्या दोघी सुना, एकीच्या मागं एक. दसऱ्यापातुर एवढ्या हायेत. फुडचं अजून कळलं न्हाई."

बायका तिच्या मागं उभ्या होत्या. ज्यांची नावं घेतली त्यांनी पदर पुढं ओढले, पण हलल्या नाहीत.

"हे शक्य नाही," श्रीपतराव म्हणाले. "कागद..."

"पटवारीजी," गिरदावरांनी थांबवलं. "तुम्हारे घर की छत कैसी है?"

"मातीची... म्हणजे पक्की आहे, पण..."

"बस, तो माल उधर रखो."

कागद त्या वेळी काहीच म्हणाला नाही.

पुरुष आत जाऊ शकत नव्हते म्हणून पोती बायकांनी काढली. दोघी उचलायच्या, दोघी उंबऱ्यावरून ढकलायच्या. पोतं अंगणातल्या चिखलात धप्पकन पडायचं आणि श्रीपतराव डोळे मिटायचे. छपन्न वेळा मिटले. कमी एकही नव्हतं. कलाबाईनं रिकाम्या कोठीत बाज नेली, मधोमध ठेवली.

गिरदावरांनी घोंगडीवर बसून पंचनामा लिहिला आणि श्रीपतरावांकडं दिला. श्रीपतरावांनी शाईची डबी उघडून कलाबाईपुढं धरली.

"अंगठा करा."

"आदी वाचा."

"सरकारी माल छपन्न पोती, नुकसान काही नाही. सरकारी मोहोर तुटली, एक. तोडणार कलाबाई, जवजे, म्हणजे बायको, आप्पाराव. सबब, वादळ."

"फुडं?"

"पुढं काही नाही. झालं."

"लक्ष्मम्मा कुठं हाय?"

"कोण?"

"कुंभाराची म्हातारी. ह्या कुलपाला हात लावून माघारी गेली. वाटंत मेली."

श्रीपतरावांनी समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, "बाई, हा कोठीचा पंचनामा आहे. म्हातारी कोठीत नव्हती. ती या कागदात येत नाही."

गिरदावर घोड्याचा तंग आवळायला उठले. त्यांनी मान वर केली नाही.

"सायबानं लिवलं तर येतंय," कलाबाई म्हणाली.

गिरदावर तंग आवळत राहिले. तो पहिल्यापासून आवळलेलाच होता.

"अगं कर की अंगठा," आप्पाराव म्हणाले. पायाच्या बोटांना हळदीची फडकी बांधून ते जोत्यावर बसले होते. "सायब खोळंबलेत."

कलाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. दोन महिन्यांनंतर ती त्यांच्या तोंडाकडं बघून बोलली.

"तुमी करा. तुमी इज्जतदार हाव."

मग डबीत अंगठा बुडवला. श्रीपतरावांनी कागद पुढं केला. तिनं अंगठा वर धरून त्यांना दाखवला, चांगला काळा झालेला.

"म्हातारी येत न्हाई तर हा बी येत न्हाई," ती म्हणाली, आणि तो कोठीच्या भिंतीला, दाराच्या डाव्या अंगाला, डोक्याच्या उंचीवर दाबून आत गेली.

दार लागलं. आतून अडणा पडल्याचा आवाज अंगणात सगळ्यांना ऐकू आला.